धुळीच्या अंगावरचा धूर : नांदेड-लातूरच्या हवेतील विषारी हायड्रोकार्बनचे उगम

आमच्या निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात पूर्वी लाकडाची मोठी चूल होती. भाताच्या पातेल्याला चुलीवर चढवण्याआधी बुडाला मातीचा लेप देत असत. लेप दिला नाही, तर बुडावर बसणारी काजळी राखेने घासूनही सहज निघत नसे, आणि नुसत्या पाण्याने तर मुळीच नाही. खेळून आलेल्या मुलांच्या पायांवरची काळ्या रानाची माती मात्र हौदाच्या दोन तांब्यांत वाहून जात असे. एक मळ पाण्याने जातो, दुसरा जात नाही, हे आम्ही सर्वांनी पाहिले होते. त्यामागील कारण आम्ही वर्गात कधी विचारले नव्हते. या लेखात ते विचारायचे आहे, कारण नांदेड आणि लातूर या आपल्या दोन शहरांच्या हवेविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न याच साध्या फरकात दडलेला आहे.

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचेही असेच दोन प्रकार असतात. काही कण मातीचे असतात. ते वाऱ्याने, वाहनांच्या चाकांनी किंवा बांधकामामुळे उडालेले असतात. दुसरे कण धुराचे असतात व ते जळण्यातून जन्मतात. धुराच्या कणांच्या अंगावर एका विशिष्ट वर्गातील रसायने चिकटलेली असतात. त्यांना बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, मात्र तेलात व चरबीत विरघळतात. पातेल्याची काजळी पाण्याला दाद देत नव्हती, याचे कारण मुख्यतः काजळीतील कार्बन आणि त्याच्याबरोबरचा हा चिकट, तेलकट अंश होते.

हे पदार्थ कोणते?

बेंझीन या संयुगात कार्बनच्या सहा अणूंचे एक वलय असते, हे आपण दहावी-बारावीत शिकतो. अशी दोन किंवा अधिक वलये एकमेकांना कडेने जोडली गेली की बहुवलयी हायड्रोकार्बन तयार होतो. त्यांपैकी सर्वांत साधा, दोन वलयांचा पदार्थ आपल्या घराघरांत असतो. ट्रंकेतील कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या पूर्वापार ज्या नॅफ्थॅलीनच्या बनत, तोच हा पदार्थ. तो उघड्यावर ठेवला की हळूहळू वायुरूप होऊन नाहीसा होतो. वलये वाढत गेली की पदार्थ जड होतो आणि उडून जाण्याची त्याची क्षमता घटते. दोन-तीन वलयांचे पदार्थ हवेत बहुतांशी वायुरूपात असतात. पाच-सहा वलयांचे पदार्थ मात्र जवळजवळ सर्वच्या सर्व कणांना चिकटून राहतात. म्हणून ‘हवेतील कणांत कोणते विष आहे’ असे विचारताना आपला रोख मुख्यतः या जड पदार्थांकडे असतो. त्यांत सर्वाधिक अभ्यासला गेलेला पदार्थ म्हणजे पाच वलयांचा बेंझो-ए-पायरीन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २० आणि हायड्रोजनचे १२ अणू असतात.

हे पदार्थ कोणी मुद्दाम बनवत नाही. ते अपुऱ्या ज्वलनातून आपोआप बनतात. इंधनाला भरपूर हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली, इंधन ओले असले किंवा ज्योत मध्येच थंड झाली, तर इंधनाचे रेणू तुटून त्यांचे अर्धवट तुकडे उरतात. हे तुकडे एकमेकांत गुंतून वलये बनवतात, वलयाला वलय जोडले जाते आणि त्याच वाटेने पुढे काजळी तयार होते. धूर निवत जातो तसतसे जड हायड्रोकार्बन काजळीच्या कणांवर बसतात. धुमसणारी ओली ढलपी, फुंकणीने फुंकूनही न पेटणारी शेणी, काळा धूर सोडणारा ट्रक आणि जळणारे टायर या सर्वांच्या मुळाशी हीच प्रक्रिया आहे.

धोका कसा उमगला?

या विषाचा इतिहास लहान मुलांपासून सुरू होतो, म्हणून तो शाळेच्या स्मरणिकेत सांगणे योग्य ठरेल. इंग्लंडमध्ये घरांची धुराडी साफ करण्यासाठी गरीब घरांतील लहान मुले आत चढवली जात. ती मुले मोठी झाल्यावर त्यांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे, असे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहिले. एखाद्या व्यवसायातील पदार्थ व कर्करोग यांचा संबंध दाखवणारी ही पहिली महत्त्वाची नोंद मानली जाते. पुढे १९१५ मध्ये जपानमध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना दीर्घकाळ कोळशाचे डांबर चोळून कर्करोग निर्माण होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. डांबरातील नेमका घटक शोधण्याचे काम लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि १९३३ मध्ये बेंझो-ए-पायरीन वेगळा काढल्याचे जाहीर झाले.

शरीरात शिरलेला बेंझो-ए-पायरीन स्वतः फारसा क्रियाशील नसतो. परके पदार्थ पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर टाकण्यासाठी आपल्या पेशींत काही विकरे असतात. ती त्याच्यावर काम करतात आणि या प्रयत्नातच त्याचे एक अत्यंत क्रियाशील रूप तयार होते. ते पेशीतील डीएनएला चिकटते. ही इजा दुरुस्त झाली नाही, तर पेशीच्या सूचनांत चूक होते आणि कालांतराने त्यातून कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझो-ए-पायरीनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. याच गटात तिने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाह्य हवेचे प्रदूषण यांचा समावेश केला.

भारतात १८ नोव्हेंबर २००९ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत १२ प्रदूषक आहेत आणि बेंझो-ए-पायरीन त्यांपैकी एक आहे. कणांवरील त्याची वार्षिक सरासरी मर्यादा प्रतिघनमीटर १ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग, इतकी आहे. याच मानकांत १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. या दोन मर्यादांची तुलना केली, तर एकूण कणांच्या वजनाच्या साठ हजारावा भाग इतका हा पदार्थही कायद्याने दखलपात्र मानला आहे, असे दिसते.

उगम ओळखण्याची रीत

धूर हवेत मिसळला की तो कोणाच्या चुलीतून आला, हे डोळ्यांना कळत नाही. रसायनशास्त्रज्ञ मात्र त्याचा माग काढू शकतात. ते पंपाने हवा ओढून काचतंतूच्या किंवा क्वार्ट्झच्या गाळणकागदावर कण गोळा करतात. हा कागद सेंद्रिय द्रावकात ठेवला की हायड्रोकार्बन द्रावकात उतरतात. मग गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांसारख्या तंत्रांनी एकेक पदार्थ वेगळा करून मोजतात.

पुढची युक्ती विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. फ्लुओरँथीन आणि पायरीन या दोन्ही पदार्थांचा रेणुभार २०२ आहे. वजन सारखे असल्यामुळे हवेतील त्यांचे वर्तनही बरेचसे सारखे असते. परंतु वेगवेगळ्या इंधनांतून ते वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडतात. म्हणून फ्लुओरँथीनला या दोघांच्या बेरजेने भागतात. उत्तर ०.४ पेक्षा कमी आले, तर न जळलेल्या खनिज तेलाची शक्यता धरतात. ते ०.४ ते ०.५ यांच्या दरम्यान आले, तर पेट्रोल-डिझेलसारख्या द्रव इंधनाचे ज्वलन समजतात. ०.५ च्या वर आले, तर लाकूड, गवत किंवा कोळसा यांच्याकडे बोट दाखवतात. समजा, एका नमुन्यात फ्लुओरँथीन ३ नॅनोग्रॅम आणि पायरीन २ नॅनोग्रॅम मिळाले. ३ भागिले ५ म्हणजे ०.६. हा कल सरपणाकडे किंवा कोळशाकडे आहे.

एका गुणोत्तरावर निकाल देणे मात्र धोक्याचे असते. ऊन आणि ओझोन यांमुळे काही हायड्रोकार्बन लवकर विघटित होतात, त्यामुळे वाटेत पुरावा बदलतो. म्हणून इतर साक्षीदारही बोलावतात. लाकूड-काडीतील सेल्युलोज जळाले की लेव्होग्लुकोसॅन नावाची शर्करा तयार होते व ती धुरात सापडते. वंगणतेलातून होपेन गटातील संयुगे येतात, त्यांवरून वाहनांचा वाटा कळतो. बेंझो-जीएचआय-पेरिलीन आणि कोरोनीन यांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर पेट्रोलच्या वाहनांचा संशय बळावतो. मग या सर्व खुणा संख्याशास्त्रीय प्रतिमानांत घालून प्रत्येक उगमाचा वाटा काढतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील सहा शहरांत असा उगमवाटपाचा मोठा अभ्यास करवून घेतला होता. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि पुणे ही दोन शहरे होती.

आपल्या परिसरातील उगम

नांदेड गोदावरीच्या काठी आहे आणि लातूर बालाघाटच्या पठारावर. दोन्ही शहरे शिक्षणाची आणि बाजारपेठेची केंद्रे आहेत. दोहोंच्या भोवती कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस पिकवणारा मुलूख आहे. येथील उगम महानगरांपेक्षा वेगळे आहेत. ते ओळखण्यासाठी आपल्याला फक्त आजूबाजूला पाहावे लागते.

पहिला उगम घरातील चूल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसची शेगडी आली. तरीही सिलिंडर पुन्हा भरणे परवडत नाही, तेथे पऱ्हाट्या, तुराट्या, शेण्या आणि बाभळीचे सरपण अजून जळते. शहराच्या कडेच्या वस्त्यांत अंघोळीचे पाणी तापवण्याच्या बंबात तर हाताला येईल ते घालतात. सरपण व शेण्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन नेमके कोणत्या आकाराच्या कणांवर बसतात, यावर मुंबईच्या आयआयटीत चंद्रा वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केले आहे. दक्षिण आशियातील घरगुती जैवइंधनाच्या ज्वलनाचा काजळीच्या उत्सर्जनात किती मोठा वाटा आहे, हे त्यांच्या २००५ मधील अभ्यासाने जगासमोर आणले.

दुसरा उगम शेतातील आग. उसाची तोड झाली की पाचट पेटवतात. सोयाबीनची रास झाल्यावर उरलेले भुसकटही काही ठिकाणी जाळतात. तोडीचा हंगाम हिवाळ्यात असतो. हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि धूर वर चढू शकत नाही. पहाटे शेतावर किंवा नदीच्या काठी धुराचा जो आडवा पट्टा दिसतो, तो या उलट्या तापमानाच्या थरामुळे.

तिसरा उगम भट्ट्यांचा. विटांच्या भट्टीत कोळसा, भुसा आणि लाकूड दिवसेंदिवस धुमसत राहते. गुऱ्हाळाच्या चुलाणात उसाचे चिपाड जळते. ते वाळलेले असले, तर ज्योत स्वच्छ राहते. ओले असले, तर धूर वाढतो. रस्त्याच्या कामात डांबर पातळ करण्यासाठी पिंपाखाली पेटवलेली आग आपण सर्वांनी पाहिली आहे. येथे एक भेद लक्षात ठेवावा. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो, ते रस्त्यावर वापरलेले बहुधा खनिज तेलापासून मिळणारे बिटुमेन असते. त्यात बहुवलयी हायड्रोकार्बनचे प्रमाण कोळशाच्या डांबरापेक्षा पुष्कळ कमी असते. परंतु ते तापवण्यासाठी खाली जुने टायर जाळले, तर हा फरक निरर्थक ठरतो.

चौथा उगम वाहनांचा. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि नांदेडच्या वजिराबादेत संध्याकाळी रिक्षा मुंगीच्या चालीने सरकतात. थांबत-थांबत चालणाऱ्या, नीट न राखलेल्या इंजिनात ज्वलन अपुरे होते. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, हे खरे. मात्र जुनी वाहने रस्त्यावरून लगेच नाहीशी होत नाहीत. वीज गेल्यावर दुकाने आणि मंगल कार्यालये यांसमोर धडधडणारे डिझेल जनरेटर हेही याच कुटुंबातले.

पाचवा उगम कचरा. झाडलोट करून गोळा केलेला पालापाचोळा, त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिकामी पुडकी, कधी रबर यांचा ढीग करून काडी लावली जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि साध्या घटनेला ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. तरीही पहाटेचे ढीग धुमसतात. येथे आम्हाला स्वतःबद्दलही सांगितले पाहिजे. आमच्या वसतिगृहामागील खड्ड्यात वर्षानुवर्षे कचरा जाळला जात होता. स्वच्छतेच्या तासाचा शेवट त्या आगीने होत असे आणि ढीग पेटला की परिसर स्वच्छ झाला, असे आम्हीच मुलांना शिकवत होतो.

बंद खोलीतील लहान उगमही विसरू नयेत. उदबत्ती आणि मेणबत्ती यांच्या धुरातही हे पदार्थ थोड्या प्रमाणात असतात. सभागृहात वंदनेच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवल्या, तर श्रद्धेला काही बाध येत नाही आणि मुलांच्या छातीला आराम पडतो.

वजन आणि विष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. वायुगुणवत्तेची मानके सातत्याने न पाळल्या गेलेल्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील जी शहरे आहेत, त्यांत लातूर आहे. नांदेड त्यात नाही. कणांचे प्रमाण २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटवणे, हे पहिले उद्दिष्ट होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले.

हे उद्दिष्ट कणांच्या वजनात मांडलेले आहे. देशभरच्या नियमित देखरेखीतही मुख्यतः सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि दोन आकारांचे कण एवढेच मोजले जातात. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या वाऱ्यात काळ्या मातीची धूळ मोठ्या प्रमाणावर उडते. मातीचे कण जड असतात, त्यामुळे ते वजन भराभर वाढवतात, पण त्यांच्या अंगावर हायड्रोकार्बन थोडेच असतात. धुराचे कण अतिशय बारीक असतात, त्यामुळे तराजूवर त्यांचे वजन कमी भरते. पण ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि विष सोबत नेतात. समजा, एखाद्या शहराने रस्त्यांवर पाणी मारले, कडेला फरशी बसवली आणि धुळीचे वजन कमी केले. धूळही श्वसनाला अपायकारक असते, म्हणून हे काम चांगलेच आहे. परंतु त्याच शहरात कचरा आणि सरपण पूर्वीसारखेच जळत असेल, तर कागदावर प्रदूषण घटेल आणि बेंझो-ए-पायरीन होता तेथेच राहील. उलट, यादीत नाव नसलेल्या शहराची धूळ कमी म्हणून तेथील धूरही कमी, असे समजण्यास कोणताही आधार नाही.

म्हणून दोन्ही शहरांत कणांच्या वजनाबरोबर त्यांतील हायड्रोकार्बनही नियमितपणे मोजले जावेत, असे आम्हाला वाटते. नांदेडच्या विष्णुपुरी येथे १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि दोन्ही जिल्ह्यांत रसायनशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग चालवणारी महाविद्यालये आहेत. मोजण्यासाठी लागणारी विद्या आपल्या दारातच आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

यंत्र नसले, तरी पाहण्याचे काम थांबत नाही. पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तीन तुकडे घ्यावेत. एक रस्त्याकडेच्या कुंपणाला, एक स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ आणि एक झाडांत, इमारतीपासून दूर बांधावा. आठ दिवसांनी तिन्ही तुकडे प्रथम नुसत्या पाण्यात खळबळावेत आणि मग साबणाने धुवावेत. पाण्याने किती मळ गेला, साबणानंतरही किती राहिला, याची वहीत नोंद करावी. हेच हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुन्हा करावे. यावरून हायड्रोकार्बनचे प्रमाण कळणार नाही. पण धूळ कोठे आणि धूर कोठे, यांचा भेद मुलांच्या नजरेत बसेल.

आमच्या वसतिगृहातील पुष्कळ मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काहींचे वीटभट्टीवर असतात. वर आम्ही उगमांची जी यादी दिली, ती या मुलांसाठी आईवडिलांच्या कामाच्या ठिकाणांची यादी आहे. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत आई पाचटावर भाकरी थापते आणि बाप भट्टीच्या धुरात विटा रचतो. शहराच्या हवेचे मोजमाप शहराच्या चौकात होते. सर्वाधिक धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांच्यापर्यंत ते यंत्र पोचत नाही. म्हणून हा विषय मुलांना परीक्षेपुरता शिकवून आमचे समाधान होत नाही. सुट्टीत कोपीवर गेलेल्या मुलाने सरपण वाळवून वापरावे, चूल उघड्यावर आणि वाऱ्याच्या दिशेने मांडावी, तान्ह्या भावंडाला धुरापासून दूर निजवावे, प्लॅस्टिक चुलीत घालू देऊ नये, एवढे जरी घरी सांगितले, तरी या पाठाचे चीज झाले.

वसतिगृहामागील त्या खड्ड्यात आता आम्ही कचरा जाळत नाही. पालापाचोळा कुजवून त्याचे खत बागेला घालतो आणि प्लॅस्टिक वेगळे करून भंगारवाल्याला देतो. पहिल्या वर्षी खताला वास आला, मुलांनी नाके मुरडली, आम्हीही कंटाळलो. पुढे ओला व सुका थर आलटून-पालटून घालायला शिकलो. खड्ड्याच्या कडेच्या भिंतीवर जुन्या आगीची काजळी अजून आहे. कित्येक पावसाळे तिच्यावरून गेले, तरी ती धुऊन निघालेली नाही. नव्या विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या पहिल्या तासाला आम्ही त्या भिंतीपाशी नेतो आणि ही काजळी पाण्याने का जात नाही, असे विचारतो.